दुपट्ट्याखालचा भाव

काकाजी कुजबुजायला लागले की मागे मोटारपंप घरघरत असायचा. सौंसरजवळच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात, जिथे ऐकायला दुसरा माणूस नाही, तिथे उभं राहून हा सत्तरीचा गृहस्थ मोबाइल तोंडाशी धरायचा आणि चोरासारख्या दबक्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून मला पाठवायचा की अमुक पुस्तक चांगलं आहे, पण पहिली चाळीस पानं सोडून द्या. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "तुमालेच सांगून राहिलो, सरजी. कोनाले बोलू नका." मी कोणाला बोलत नसे. एवढ्या मोठ्या गावात आणि त्याहून मोठ्या तालुक्यात त्यांना सांगावंसं वाटलं ते मला, याचं मला कौतुक होतं. कोणाचं कौतुक म्हणाल तर माझंच.

आधी ग्रुपची गोष्ट सांगायला हवी. मी पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, तेही हिंदीतून. आमच्या सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात घरी मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्हींची भेळ. मराठी पुस्तक घ्यायचं तर नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे मराठी वाचणारी माणसं इथे लपून विडी ओढणाऱ्यांसारखी एकेकटी असतात, आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. अशांना गोळा करून मी मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पांढुर्णा-सौंसर वाचक'. संध्याकाळपर्यंत सौंसरच्या मंडळींनी विचारलं की आमचं नाव मागे का. पांढुर्णा नुकताच जिल्हा झालेला आणि सौंसर तालुकाच राहिलेलं, त्यामुळे जखम ताजी होती. शेवटी सहा महिने हे नाव आणि सहा महिने 'सौंसर-पांढुर्णा वाचक' असं ठरलं. नाव बदलण्याची तारीख लक्षात ठेवणं हेच ॲडमिन म्हणून माझं मुख्य काम झालं.

दुसरं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, ते म्हणजे साहित्यिक असण्याचं. रोज सकाळी मी वाचत असलेल्या पुस्तकाशेजारी चहाचा कप ठेवून फोटो काढायचा. वाफ दिसली पाहिजे, म्हणून कप दोनदा गरम करायचा. मग खाली लांबलचक मजकूर, त्यात 'मानवी अस्तित्वाचा तळ' वगैरे शब्द. लोक अंगठे आणि टाळ्या पाठवायचे. बायको म्हणायची, "फोटो झाला असेल तर चहा प्या, नाहीतर मला द्या." तोवर चहा गार झालेला असायचा आणि पुस्तकाचं म्हणाल तर माझी बरीचशी पुस्तकं त्या फोटोपुरतीच उघडलेली होती.

काकाजींचे फोटो वेगळेच. पुस्तक कधी संत्र्याच्या खोक्यावर, कधी विहिरीच्या काठावर, एकदा तर बैलाच्या पाठीवर. पण प्रत्येक वेळी पालथं. मुखपृष्ठ खाली, मागची बाजू वर, आणि त्या मागच्या बाजूवरही आपला पंजा ठेवलेला. लोक विचारायचे, "काकाजी, पुस्तक कोणतं?" उत्तर यायचं, "सौदा चालू आहे." बस, तेवढंच. मत विचारलं तर हात जोडल्याचं चित्र.

त्यांची सगळी हयात संत्र्याच्या व्यापारात गेलेली. झाडावरचा माल पाहून उभा बगीचा विकत घ्यायचा, हा त्यांचा धंदा. बगीच्यात शिरताना ते मालकाशी बोलायचे नाहीत, झाडांकडेही बघायचे नाहीत म्हणे. सरळ मागच्या कुंपणापर्यंत जायचे आणि तिथून उलटे येत माल पाहायचे, कारण मालक चांगली झाडं दाखवायला पुढे उभा असतो. पुस्तकही ते तसंच वाचायचे. आधी शेवटून कुठलीतरी पानं, मग मधली, मग उजेडाकडे धरून कागद, मग नाकाजवळ नेऊन वास. प्रस्तावना कधी वाचायची नाही. "थे मालकाचं बोलनं असते," असं म्हणायचे. लेखकाचं नावही विचारायचे नाहीत. त्यांनी आवडीने वाचलेल्या पुस्तकांचे लेखक त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हते, आणि मला माहीत असलेल्या लेखकांची पुस्तकं मी वाचलेली नव्हती. आमची जोडी त्या अर्थाने बरी होती.

मत उघड का देत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. सौंसरच्या बस स्टँडवर भेट झाली तेव्हा. आमच्या ग्रुपची पुस्तकं नागपूरच्या बसने यायची, कंडक्टरच्या सीटखाली, आणि एकच प्रत घरोघर फिरायची. त्या दिवशी ते पार्सल घ्यायला आलेले, खांद्यावर नेहमीचा पांढरा दुपट्टा. त्यांनी सांगितलं की त्यांच्या बापाच्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. दोघे समोरासमोर बसायचे, हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव सांगायचा. बोट दाबलं, मूठ धरली, तळव्यावर रेघ ओढली, प्रत्येकाला अर्थ. भोवती दहा व्यापारी उभे असले तरी कोणाला पत्ता लागत नसे. पटलं तर मान हलवायची, नाहीतर हात काढून घ्यायचा. "उघड्यावर भाव बोलला का बाजार खराब होते, सरजी," ते म्हणाले. "एकानं म्हटलं आंबट, का दहा जनाची तोंडं वाकडी." मग माझ्याकडे वाकून त्यांनी कुजबुजत पार्सलातल्या पुस्तकाचं मत दिलं. कंडक्टर आमच्याकडे बघत होता. मला फार महत्त्वाचं वाटलं.

त्यांच्या भाषेत पुस्तकांच्या दोनच जाती होत्या. आंबियाची आणि मृगाची. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या सुमाराला येतो, दिसायला देखणा, चवीला जरा आंबट. मृगाचा माल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, उशिरा येतो, सालीवर डाग असतात, पण गोडी त्याचीच. कुठल्याही पुस्तकाला 'मृगाचं' म्हटलं की काकाजींनी त्याला पदक दिलं असं समजावं. असं ते फार क्वचित म्हणायचे.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे माझ्या पुस्तकावर. इतका वेळ मी ते सांगायचं टाळलं यावर माझ्या बायकोचा विश्वास बसणार नाही.

मी एक कथासंग्रह छापला. नाव सांगत नाही, कारण तुम्ही शोधायला जाल आणि मिळणार नाही. सगळ्या प्रती आमच्या पलंगाखाली आहेत. त्यामुळे पलंग आता करकरत नाही, एवढा एक साहित्याचा उपयोग घरात मान्य झाला आहे. एक प्रत मी ग्रुपमध्ये फिरवली. नऊ कथा. टाळ्या आल्या, फुलं आली, कोणीतरी हळदीकुंकवाचं चित्र टाकलं. मला ते काही खरं वाटेना. टाळ्या तर मीही न वाचता देत आलो होतो. मी वाट पाहत होतो ती एका कुजबुजीची.

ती बऱ्याच दिवसांनी आली. मागे पंप. "सरजी, तुमालेच सांगतो. मृगाचा माल हाय. टायम लागन, पन लोक मागतीन. कोनाले बोलू नका."

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. शाळेत प्रयोगशाळेचं दार लावून ऐकलं. बायकोला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "पंपाचा आवाज फार आहे." त्या आठवड्यात मी दुसऱ्या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेचा विचार सुरू केला. कथा अजून सुचायच्या होत्या.

त्यानंतरच्या फाल्गुनात काकाजींनी ग्रुपला बगीच्यात जेवायला बोलावलं. मृगाचा माल झाडावर होता. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, झाडाखाली सतरंज्या. काकाजी स्वतः टोपली घेऊन मागच्या ओळीतली संत्री तोडायला गेले, कारण पुढची झाडं पाहुण्यांना द्यायची नसतात असं त्यांचं मत. सतरंजीवर माझ्या एका बाजूला तिगावचे निवृत्त स्टेशनमास्तर, दुसऱ्या बाजूला पांढुर्ण्याच्या मेडिकल स्टोअरच्या वहिनी. त्या दुकानात गल्ल्यावर बसून वाचतात आणि गिऱ्हाईक आलं की पुस्तकात गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून ठेवतात.

बोलणं माझ्या पुस्तकावर आलं. म्हणजे मी आणलं. नम्रपणे म्हणालो की टीका करणारे करोत, पण एका फार जाणत्या माणसाने मला खाजगीत सांगितलंय की हा मृगाचा माल आहे.

मास्तरांनी रोडगा खाली ठेवला. "काकाजींनी?" मी गूढ हसलो. मास्तर म्हणाले, "मले तं त्यायनं वेगळंच सांगितलं."

त्यांनी मोबाइल काढला. पंप घरघरला आणि काकाजींचा ओळखीचा दबका आवाज आला: "मास्तरसाहेब, तुमालेच सांगतो. आंबट हाय. पन दुपारी डोळा लागत असन तं वाचा, झोप उडते. कोनाले बोलू नका."

वहिनींनी हात पुसले आणि आपला मोबाइल काढला. पुन्हा पंप. "वहिनीजी, तुमालेच सांगून राहिलो. साल जाड, रस कमी. शाळामास्तरनं लिहिलं म्हनून दिसूनच येते. पन सातवी गोष्ट वाचा. दुकान बंद करून वाचा. कोनाले बोलू नका."

मग बाकीच्या सतरंज्यांवरचेही मोबाइल निघाले. त्या बगीच्यात चहूकडून काकाजी कुजबुजायला लागले. प्रत्येकाला 'तुमालेच'. माझंच पुस्तक नाही, वर्षभरातली सगळी पुस्तकं, आणि एका पुस्तकाचं एक मत दोघांना मिळालेलं नाही. कोणाला हसू आवरेना, कोणाचा चेहरा उतरला. सगळ्यांत जास्त उतरलेला चेहरा कोणाचा होता हे मला आरशाशिवाय कळत होतं.

इतक्यात टोपली घेऊन ते स्वतः आले. आपलाच आवाज ऐकून त्यांनी मान तिरकी केली, जरा ऐकलं आणि म्हणाले, "थ्या दिवशी पंप फारच आवाज करून राहिला होता." लाजणं नाही, सारवासारव नाही. संत्री वाटायला लागले.

मी म्हणालो की ही फसवणूक आहे. आवाज चढला होता माझा. ते माझ्यासमोर बसले आणि शांतपणे समजावू लागले की एकाच बगीच्याचा माल मुंबईला जातो, दिल्लीला जातो, रसवाल्याकडे जातो. रसवाल्याला देखणेपणा सांगून काय करायचं आणि दिल्लीवाल्याला रस सांगून काय करायचं. मास्तरांना दुपारी झोप येते आणि रात्री येत नाही, म्हणून त्यांना तसं. वहिनींची बहीण गेल्या साली गेली, आणि सातवी गोष्ट दोन बहिणींची आहे, म्हणून त्यांना तसं. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "वाचली मी. दुकान बंद करूनच वाचली."

"अन् मले?" मी विचारलं. रागात माझीही बोली बाहेर आली. "मले मृगाचं कावून सांगितलं?"

"तुमाले लिहायचं होतं ना अजून," ते म्हणाले.

हे उत्तर ऐकून कोणाही शहाण्या माणसाचे डोळे भरले असते. माझं डोकं भडकलं. म्हणजे ते औषध होतं, मत नव्हतं. मला पदक नाही, सलाइन लावलं होतं. मी विचारलं की मग खरा भाव कोणता. ते म्हणाले, "थो सौद्याच्या टायमाले असते, सरजी. हे तं सारं बोलनं झालं." आणि सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं. मी ते रागाने खाल्लं. गोड होतं, त्यामुळे राग आणखी वाढला.

घरी येताना बसमध्येच मी ॲडमिनच्या अधिकारात नियम काढला: यापुढे प्रत्येकाने आपलं मत ग्रुपवर उघड द्यावं, खाजगीत कोणीही कोणाला मत कळवू नये. खाली शिस्तीचं महत्त्व सांगणारा परिच्छेद. काकाजींचा लगेच हात जोडलेला निरोप आला, "तुम्ही ॲडमिन आहात."

आणि त्यांनी नियम पाळला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फोटोत पुस्तक उताणं. खाली शुद्ध पुस्तकी मराठीत एकच ओळ: चांगले पुस्तक आहे. पुढच्या पुस्तकालाही तेच. एकदा तर कोणीतरी चुकून नळपट्टीच्या पावतीचा फोटो टाकला, त्याखालीही त्यांनी लिहिलं, चांगले आहे.

ग्रुप आटायला लागला. माझे परिच्छेद चालूच होते, उलट लांबले होते, पण पुस्तकं हलेनात. एक कादंबरी मास्तरांकडे गेली आणि तिथेच राहिली. नागपूरच्या बसचा कंडक्टर मला विचारायला लागला की तुमची ती पुस्तकं बंद झाली का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की माझ्या मजकुरामुळे आजवर कोणी एक पानही उलटलेलं नव्हतं. लोक वाचत होते ते कुजबुजीमुळे. आपल्यासाठी म्हणून कोणीतरी अख्खा बगीचा उलटा फिरून एक फळ निवडून आणलंय, याच्यामुळे. एक दिवस डोकेदुखीची गोळी घ्यायला मेडिकलमध्ये गेलो तर वहिनींनी गोळी देता देता सांगून टाकलं, "सर, थो नियम वापस घ्या. काय वाचावं काही समजूनच नाही राहिलं."

मी नियम मागे घ्यायला तयार होतो. पण आधी मला माझा भाव हवा होता. हे खरं कारण. ग्रुपचं भलं वगैरे नंतरचं. सुट्टीच्या दिवशी मी माझ्या पुस्तकाची कोरी प्रत पिशवीत टाकली आणि सौंसरची बस धरली.

काकाजी घराच्या ओट्यावर होते. तब्येत उतरली होती, उन्हाळा लागला तरी स्वेटर घालून उन्हात बसलेले. हवापाणी झालं, चहा झाला. मी प्रत काढून मधे ठेवली आणि म्हणालो की आज बोलणं नको, सौदा करू. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनी मला ग्रुपचा ॲडमिन म्हणून पाहिलं होतं, गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी पुस्तक पालथं केलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या हातांवर पसरला. त्यांची बोटं खरखरीत आणि गरम होती. आधी त्यांनी माझी मूठ पूर्ण धरली आणि सोडली. मग मधली दोन बोटं दाबली. मग जरा थांबून, तळव्यावर आडवी एक रेघ ओढली. एवढा वेळ त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, आणि चेहऱ्यावर कसलंही हसू नव्हतं. मला तेव्हा पुरतं कळलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. दुपट्ट्याखाली ते कधीच खोटं बोलले नव्हते.

अडचण एवढीच होती की मला ती भाषा येत नव्हती.

इतका हट्ट करून, बसचे धक्के खाऊन आलो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मूठ म्हणजे किती, दोन बोटं म्हणजे काय, रेघ म्हणजे वाढवायचं की छाटायचं, काही पत्ता नाही. विचारावं तर ज्या माणसाने इतक्या इमानाने भाव सांगितला त्याला काय तोंड दाखवायचं.

"पटते?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "पटतं."

"मंग झाला सौदा." त्यांनी दुपट्टा उचलून झटकला आणि परत खांद्यावर टाकला. "आता या भावाचं कुठी बोलायचं नसते, बरं का सरजी. तुमी नाई, मी नाई." आणि मग ते खूप हसले, खोकला येईपर्यंत हसले. माझं अज्ञान त्यांना दिसलं होतं की नाही, हेही मला सांगता यायचं नाही.

नियम मी ओट्यावर बसल्या बसल्याच मागे घेतला. परतीच्या बसमध्ये मोबाइलवर पंप घरघरला, म्हणजे तेवढ्यासाठी ते बगीच्यात गेले असणार: "सरजी, तुमालेच सांगतो. थे चहाचे फोटो बंद करा. कोनाले बोलू नका." मी बंद केले. बायकोला आता चहा गरम मिळतो.

त्या पावसाळ्यात काकाजी गेले. आजाराचं त्यांनी ग्रुपवर कळू दिलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात त्यांनी प्रत्येकाला एकेक पुस्तक सुचवून ठेवलं होतं, प्रत्येकाला वेगळं. ते गेल्यावर सगळ्यांनी आपापलं वाचलं. कोणीही आपल्या पुस्तकाचं नाव सांगितलं नाही, फोटो मात्र टाकले, पालथे. मला काकाजी फार आठवतात. पुस्तक उघडताना हल्ली मी आधी मागची पानं पाहतो.

मी दुसरा संग्रह लिहितोय. हळूहळू, पण या खेपेला कथा आधी आणि अर्पणपत्रिका नंतर. मूठ, दोन बोटं, आडवी रेघ, हे अजून माझ्या हाताला जसंच्या तसं आठवतं. लिहिताना अडलो की मी टेबलाखाली माझीच मूठ धरून पाहतो.

परवा बायकोने संत्री आणायला पाठवलं. मंडीत एका गाळ्यावर जुने व्यापारी बसले होते, काकाजींच्या वयाचे, खांद्यावर तसाच दुपट्टा. बोटांची भाषा यांना नक्की येत असणार. मी समोर जाऊन उभा राहिलो. हात अर्धा पुढेही केला. त्यांतल्या एकाने वर पाहिलं आणि विचारलं, "बोला सरजी, काय पायजे?"

घरी आलो तेव्हा पिशवी रिकामी होती. बायको म्हणाली, "काय झालं? भाव जास्त होता का?"

"विचारलाच नाही," मी म्हणालो.